गिंकोपेक्षा उंच

९ एप्रिल

योमबाईंनी आम्हाला रोज दैनंदिनी लिहायला सांगितली आहे. ती मी लिहिते. "आज वारा होता. आज मासळी खाल्ली." मग बाई खाली लाल पेनाने फूल काढून देतात. ही वही वेगळी. ही तांदळाच्या डब्यामागे राहते आणि हिला फूल नको. सत्तरीला आल्यावर जिला अक्षरं फुटली, तिच्या पोटात किती साठलेलं असतं, हे त्या तिशीतल्या पोरीला काय कळणार.

आज सहल ठरली. तालुक्याकडून आमच्या म्हाताऱ्यांच्या वर्गाला बस मिळणार आहे, जूनमध्ये, लसूण काढून झाला की. एक मुक्काम. कुठे जायचं यावरून गावच्या हॉलमध्ये जो कलकलाट झाला तो बंदरावरच्या सीगलनाही जमला नसता. सुनचॉनवालीला (आमच्याकडे बाईला माहेरच्या गावावरून हाक मारतात; ती सुनचॉनवाली, मी हादोंगवाली) गरम पाण्याचे झरे हवे होते, गुडघ्यांसाठी. मी टेबलावर हात आपटला आणि म्हटलं, "शाळेची सहल आहे ना? मग ग्योंगजू. शाळेची सहल दुसरीकडे कुठे जाते?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. कारण ते खरंच आहे. या देशात सहावीतलं पोर सिल्लाच्या राजांची राजधानी बघायला जातं. आमच्या वर्गातल्या एकीनेही ती बघितलेली नाही, कारण एकीनेही सहावी बघितलेली नाही. मग सगळ्यांनी हात वर केले. सुनचॉनवालीनेही केला, पण अर्धाच.

खरं कारण मी कोणाला सांगितलं नाही. खरं कारण दोन घरं सोडून राहतं, आणि त्याचं नाव थोरल्या जाऊबाई.

मी लग्न होऊन या बेटावर आले तेव्हा पूल झालेला नव्हता. नावेतून उतरले ती थेट कालवं फोडायलाच बसले. सासूबाईंचं तोंड आणि समुद्राचं पाणी, दोन्ही सारखीच गार. हातांना भेगा पडल्या, त्यात खारं पाणी जायचं, आणि मी पहिला अख्खा हिवाळा रडून काढला. शेजारी बसून कालवं फोडणाऱ्या या बाईला तेव्हा काय सुचावं? आपली शाळेची सहल. "मी सहावीत असताना ग्योंगजूला गेले होते ना," अशी सुरुवात. मी इकडे नाक ओढतेय, आणि हिचं आपलं चाललंय. ताऱ्यांचा बुरूज आपल्या वेशीवरच्या गिंकोच्या झाडापेक्षा उंच, वर चढलं की कानात वारा शिट्टी मारतो. राजवाड्याचे खांब लाल, तिघींनी हात धरले तरी कवेत येत नाहीत. घरांची छपरं एकाला एक लागून, भर पावसात शहराच्या या टोकापासून त्या टोकाला जा, बूट भिजणार नाहीत. आणि नऊ मजली मनोरा, मजल्यामजल्याच्या कोपऱ्यांना घंटा.

बरं, एकदा मिरवून झालं असतं तर ठीक. पण थोरला पोरगा तापाने फणफणला तेव्हा ग्योंगजू. नवरा वादळात अडकला आणि नाव परत येईना तेव्हा ग्योंगजू. तो गेला त्या वर्षीही, येऊन बसली माझ्या ओट्यावर आणि सुरू झाली, घंटा कशा वाजायच्या ते. मिरवायचं तर माणसाने निदान वेळ बघावी. फोटो दाखवा म्हटलं तर म्हणे लहानपणी 'सारा' नावाचं वादळ आलं, त्यात घराबरोबर वाहून गेला.

मला एकदा त्या बुरुजाखाली उभं राहायचंय. आणि जाऊबाई शेजारी हव्यात. तेव्हाच म्हणेन, "बघितलं बाई मीही. आता पुरे करा." पन्नास वर्षं ऐकून घेतलंय, एवढा हक्क माझा आहे.

१२ एप्रिल

योमबाई आणि मी जाऊबाईंकडे गेलो. त्या वर्गात येत नाहीत. "मी शिकलेली आहे," असं म्हणतात, आणि वाचता येतं त्यांना, खोटं का बोला. बाई म्हणाल्या, "आजी, ग्योंगजू बघितलेल्या तुम्ही एकट्याच आहात. आमच्याबरोबर चला, तुम्हीच सगळं दाखवा."

मला वाटलं आता ही फुलून येणार. पण त्या लसणातलं गवत उपटत राहिल्या. म्हणाल्या, "माझं बघून झालंय. दुसऱ्यांदा काय बघायचं? दगड काही पळून गेलेले नाहीत."

"म्हणूनच चला," बाई म्हणाल्या.

"गुडघा," जाऊबाई म्हणाल्या.

गुडघा म्हणे. मागच्या आठवड्यात ही बाई खताचं पोतं पाठीवर घेऊन चढ चढली, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

येताना मासळी उकडणाऱ्या मा कुटुंबाच्या भट्टीवरून आले. त्यांची नवी सून, न्हुंग, व्हिएतनामची, परातीत अँकोव्हीची बारीक मासळी पसरत होती. मार्चमध्ये आलीय. डोळे लाल होते. भट्टीच्या धुराने असणार. होईल सवय.

२१ एप्रिल

आज गुडघ्याचं कारण संपलं, कोंबड्यांचं निघालं. कोंबड्यांना कोण बघणार? मी म्हटलं, भट्टीवाला म्हातारा मा बघेल. मग म्हणाल्या, बस लागते. मग म्हणाल्या, जूनमध्ये ऊन फार. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हणणार होते, पण थोरली जाऊ आहे, जीभ चावली.

एवढे नखरे करायचं कारण काय? आम्ही पाया पडायला हव्या आहोत. पालखी पाठवायला हवी सिल्लाच्या राणीसाठी.

२३ एप्रिल

योमबाईंनी चार दिवसांपूर्वी वर्गात ग्योंगजूची चित्रांची पुस्तिका वाटली. त्याच दुपारी जाऊबाई माझ्या दारात. "बघू तुमच्या बाईंनी काय काय चुका छापून आणल्यात," म्हणाल्या, आणि घेऊन गेल्या. चुका शोधायला चार दिवस लागतात का कोणाला? परत मागितली तर म्हणाल्या, अजून वाचून व्हायची आहे. मला गृहपाठ तसाच ठेवावा लागला.

२ मे

आज सुनचॉनवालीशी भांडले. लसणाचे दांडे ओढता ओढता ती म्हणाली, "तुझी जाऊ येत नाही म्हणतेय ना, मला वेगळाच वास येतोय. ती गेली तरी होती का ग्योंगजूला?"

माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "गेली होती का म्हणजे? पन्नास वर्षं माझ्या कानाला भोकं पडलीयेत ती काय उगाच? त्या राजवाड्याची कौलं मला पाठ आहेत. तू माझ्या जाऊबाईंना खोटं पाडणारी कोण?" दांड्यांची जुडी तिच्या टोपलीत फेकली आणि घरी आले.

जाऊबाईंवर मीच चिडेन, हा माझा मामला आहे. सुनचॉनवालीने मधे पडायचं काम नाही.

संध्याकाळी जाऊन जाऊबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, त्याही माझ्यासारख्या पेटून उठतील. त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "ती तसं म्हणाली?"

"म्हणाली. आणि तुम्ही आला नाहीत तर गावभर म्हणेल."

"मग यायलाच हवं," त्या म्हणाल्या. "बसमध्ये खिडकीची जागा मला."

जिंकले. मला वाटलं होतं आनंद होईल त्यांना. पण निघताना मागे बघितलं तर त्या तशाच ओट्यावर बसलेल्या होत्या.

२६ मे

लसूण. पाठ. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

१० जून

सगळ्यांनी केस कुरळे करून घेतले. एका ओळीत डोक्याला गुंडाळ्या लावून बसलो होतो, फ्लॉवरच्या वाफ्यासारख्या. जाऊबाईही येऊन बसल्या. त्यांनी गेल्या दोन वर्षांत केसांना हात लावू दिला नव्हता.

केसांच्या दुकानवालीने विचारलं, "ताई, तुम्ही तर आधी बघितलंय ना? कसं आहे ग्योंगजू?" त्यांनी डोळे मिटून घेतले, औषध झोंबतंय म्हणाल्या.

न्हुंग दुकानाबाहेरून जात होती. काचेतून आमच्याकडे बघून हसली. हसायचा प्रयत्न केला म्हणा. तिच्या सासूला सांगायला हवं, पोरीला एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने.

१३ जून, ग्योंगजू

खोलीत सगळ्या पाय दाबत बसल्यात. मी भिंतीकडे तोंड करून लिहितेय, गृहपाठ आहे असं सांगून.

बसमध्ये उकडलेली अंडी आणि गोड सोडा, शाळेच्या सहलीला हेच लागतं. सुनचॉनवालीने पूल ओलांडायच्या आधीच गाणं लावलं आणि ड्रायव्हर ओरडेपर्यंत मधल्या वाटेत नाचली. जाऊबाई खिडकीशी, मी त्यांच्या शेजारी. त्यांनी एक अंडं सोललं ते ग्योंगजू येईपर्यंत हातातच होतं.

इथे एक दुकान आहे, जुन्या काळचे शाळेचे गणवेश भाड्याने देतं. आम्ही सगळ्यांनी दोन दिवसांसाठी घेतले आणि घातले. सुनचॉनवालीचा स्कर्ट मागे पिनांनी जोडावा लागला. हसून हसून पोटात दुखलं. जाऊबाई आरशापुढून हलेनात. पांढरी कॉलर सरळ करायच्या, बघायच्या, पुन्हा सरळ करायच्या. मी म्हटलं, "तुम्हाला काय त्याचं एवढं? तुमची तर झाली शाळा." त्यांनी ऐकलं नसावं.

मग बुरूज.

आधी मला तो दिसलाच नाही. मी मान वर करून आभाळात शोधत होते. योमबाई म्हणाल्या, "आजी, हा काय समोर." हिरवळीवर एक दगडी बाटली ठेवल्यासारखं काहीतरी होतं. आमच्या हॉलच्या पाण्याच्या टाकीएवढं. जिना नाही, दार नाही, मधे नुसती एक खिडकी. वेशीवरचं गिंको शेजारी आणून ठेवलं तर या बुरुजाने त्याच्या कमरेला मिठी मारावी.

"एवढाच?" कोणीतरी म्हणालं. मग सगळ्याच म्हणाल्या. तेवढ्यात योमबाई म्हणाल्या की हा बांधला तेव्हापासून असाच आहे, एक दगडही पडलेला नाही. आणि सुनचॉनवाली, पिना सांभाळत, सावकाश जाऊबाईंकडे वळली.

"काय हो ताई," ती म्हणाली. "गिंकोपेक्षा उंच ना? वर चढलं की कानात वारा?"

मी जाऊबाईंकडे बघितलं. त्या बुरुजाकडे बघत होत्या. तोंड उघडं, डोळे मोठे. तसं मी कोणाला आठवत बघताना बघितलेलं नाही. तसं माणूस पहिल्यांदाच बघतं.

मग मला कळलं. सगळं एकदम. गुडघा, कोंबड्या, पुस्तिका, खिडकीची जागा.

आता खरं लिहिते, ही वही त्यासाठीच आहे. क्षणभर मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पन्नास वर्षांचा हिशोब, तो माझ्या हातात आयता आला होता. एक वाक्य पुरे होतं. आणि ते वाक्य म्हणायला मी तोंड उघडलं, आणि जाऊबाईंचा हात दिसला. कॉलर धरून ठेवली होती त्यांनी, कोणी काढून घेईल अशी.

मी सुनचॉनवालीला म्हटलं, "तुला काही अक्कल? त्या तेव्हा बारा वर्षांच्या होत्या, बेटावरून कधी बाहेर न पडलेल्या. लहानपणी मला आमची विहीर समुद्राएवढी वाटायची. पोराला सगळं उंचच दिसतं. आणि तेव्हा चढू देत असतील, तुला काय माहीत?"

"हं," सुनचॉनवाली म्हणाली. तिला पटलं नव्हतं, पण पिना टोचत होत्या.

मग राजवाडा बघायला गेलो. चंद्रकोरीचा कोट म्हणतात. टीव्हीवरच्या मालिकेत मी राणीला तिथे रुसून बसलेली बघितलंय, लाल खांबाला टेकून. आम्ही चढून वर गेलो. गवत, पाइनची झाडं, मॅगपाय पक्षी. खांब नाही, भिंत नाही, राणी नाही. "मालिकेतला वाडा सेट होता, आजी," योमबाई म्हणाल्या. बायका सावली शोधून बसल्या आणि गरम पाण्याच्या झऱ्यांची चर्चा पुन्हा निघाली. माझ्याकडे तिरक्या नजरेने बघत होत्या, टेबलावर हात मीच आपटला होता ना.

बुरुजाखाली उभं राहून जे म्हणायचं होतं ते राहूनच गेलं.

१४ जून

सकाळी मी तोंड धुवायला गेले तर वाटेत भेटलेली प्रत्येक बाई तोंड दाबून पळाली. आरशात बघितलं. मला मिशा होत्या. चांगल्या दोन्ही बाजूंनी वळवलेल्या, सेनापतीला शोभतील अशा. शाळेच्या सहलीत जी आधी झोपते तिचं असं होतं, हे मी ऐकून होते. मी सगळ्यांना झाडत सुटले. शेवटी जाऊबाईंच्या पांघरुणाशी भुवयांची पेन्सिल सापडली.

"गेलीच नाही मी कधी सहलीला," त्या पांघरुणातून हळूच म्हणाल्या, फक्त मला ऐकू जाईल एवढं. "एवढं तरी करून बघू म्हटलं."

मी म्हटलं, "मिशी डावीकडे वाकडी आलीय." आणि धुवायला गेले. पाण्याचा नळ बराच वेळ चालू ठेवला, कारण मला हसू येत होतं आणि रडूही.

आता मोठी गोष्ट लिहिते.

शेवटी ह्वांगन्योंगसाला, जुन्या बौद्ध मठाच्या जागी गेलो. नऊ मजली मनोऱ्याची जागा. माझा सगळा भरवसा त्याच्यावर होता. बस थांबली, आम्ही उतरलो, आणि समोर माळ. मोठाच्या मोठा सपाट माळ, त्यात रांगांनी रोवलेले चपटे दगड. बस्स. मनोरा मंगोलांनी जाळला, आठशे वर्षं होत आली, असं योमबाई सांगत होत्या. साल सांगितलं, राणीचं नाव सांगितलं. ऐकत कोणी नव्हतं. सुनचॉनवाली मोठ्याने म्हणाली, "इतक्या लांबून आम्ही दगड बघायला आलो? दगड माझ्या परसातही आहेत. चला, ते लाल घेवड्याचे पाव तरी घेऊ." दोघीतिघी बसकडे वळल्यासुद्धा.

मी जाऊबाईंजवळ गेले. म्हटलं, "सांगा."

"काय सांगू?"

"मनोरा. मला सांगायचात तसा."

त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं. "अगं, इथे काही नाहीये. तुला माहितीये आता. कशाला माझी लाज काढतेस?"

"काही नाही म्हणूनच सांगा," मी म्हटलं. "बुरूज होता तिथे अडचण झाली. इथे तुम्हाला खोटं पाडायला कोण आहे? एकसुद्धा खांब नाही."

मग त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. कॉलर सरळ केली आणि मधल्या मोठ्या दगडापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"ए सुनचॉनवाली," त्यांनी हाक मारली. "तू जाडी आहेस, तू कोपऱ्यावरचा खांब. त्या दगडावर उभी राहा. बाकीच्या, एकेक दगड घ्या. हादोंगवाली, तू माझ्यासमोर. खांबांनी बोलायचं नाही."

का कोण जाणे, सगळ्या गेल्या. सुनचॉनवालीही गेली. आणि जाऊबाई सांगू लागल्या. आवाज हळू, कालवं फोडताना असायचा तसाच, शब्दाशब्दाला सुरी आत सरकवून उघडल्यासारखा. खांब लाल आहेत म्हणाल्या, हात लावून बघा, लाकूड उन्हाने कोमट आहे. पहिला मजला, इथे अंधार आणि उदाचा वास. दुसऱ्यावर जिना आहे, पायऱ्या हजारो पायांनी मधे खोलगट झाल्यात, डाव्या बाजूने चढा. तिसऱ्यावर कबुतरं. चौथ्यावरून घरांची छपरं दिसतात, कौलाला कौल लागलेलं, सगळे कोळशावर रांधतात म्हणून कुणाच्या धुराड्यातून धूर नाही. वर, अजून वर. सहाव्यावर गुडघे दुखतात, तिथे जरा बसा. आणि सुनचॉनवाली, शप्पथ, त्या दगडावर खाली बसली आणि गुडघे चोळायला लागली.

मी आठव्यावर होते तेव्हा मला कळलं की माळावर आमच्याखेरीज कोणीतरी आहे. खऱ्या शाळेची खरी सहल आली होती. सहावीतली पोरं, पिवळ्या टोप्या. त्यांचा सर त्यांना रांगेत उभं करणार होता, पण तोच तोंडावर बोट ठेवून उभा होता. पोरं एकेक करून रिकाम्या दगडांवर चढली. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना.

"नववा," जाऊबाई म्हणाल्या. "आता वर कोणी नाही. वारा आहे. खाली राजा मुंगीएवढा आहे. तुमच्या सासूने काल काय म्हटलं ते इथून ऐकू येत नाही. ऐका, घंटा."

माळावर म्हाताऱ्या आणि पोरं दगडादगडावर उभी होती आणि कोणी हालत नव्हतं. मी ऐकल्या त्या घंटा. पन्नास वर्षं ऐकत आलेय, मला ओळखू येतात.

मग एका पोरीने हात वर केला, वर्गात करतात तसा. "आजी, तुम्ही खरंच बघितला होता का हा मनोरा?"

बाकीची पोरं हसली. "अगं, आठशे वर्षांपूर्वी जळाला तो."

जाऊबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं. नंतर सुनचॉनवालीकडे. मग ताठ उभ्या राहून, माळाच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नाही गं पोरी. मनोरा कुठला, मी तर ग्योंगजूलाच काल पहिल्यांदा आले."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या सरानेही. योमबाई डोळे पुसत होत्या. फक्त सुनचॉनवालीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "म्हणजे मी म्हणत होते ते," ती म्हणाली, "पन्नास वर्षं ही बाई..."

"पन्नास वर्षं ही बाई मला इथे आणतेय," मी म्हटलं. "पोर आजारी असताना आणलं, नवरा गेला तेव्हा आणलं. तुला कोणी कधी कुठे नेलंय का? आज पहिल्यांदा नेलं तर सहाव्या मजल्यावर बसकण मारलीस."

सगळ्या खांबांना हसू फुटलं. सुनचॉनवाली आधी लाल झाली, मग तीही हसली. तिच्या मागच्या दोन पिना निघाल्या आणि उरलेला रस्ता तिने स्कर्ट हाताने धरून काढला. त्या पोरांनी आमच्याबरोबर फोटो काढून घेतला. त्यात सगळ्यांच्या मधे जाऊबाई आहेत, बोट आभाळात, नवव्या मजल्याकडे.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा त्यांनी मला दिली. पाव खाता खाता म्हणाल्या, सहलीच्या आधीच बापाने शाळेतून काढलं, धाकट्या भावाला पाठीवर बांधलं. मुली परत आल्या त्यांच्याकडून ऐकलं. "बुरूज गिंकोपेक्षा उंच आहे असं जिने सांगितलं, ती माझ्या खांद्यापर्यंत पण यायची नाही," त्या म्हणाल्या. "तू काल बोललीस ते खरंच होतं."

"मग मला का सांगत बसलात सगळं?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मी काही वेडगळ विचारल्यासारखं. "तुझ्या हातांना भेगा पडल्या होत्या," म्हणाल्या. "रडत होतीस. माझ्याकडे तुला द्यायला दुसरं काय होतं?"

पुलापर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. जाऊबाई माझ्या खांद्यावर झोपल्या होत्या, सोड्याची रिकामी बाटली हातात घट्ट धरून.

१९ जून

जाऊबाई वर्गात आल्या. पहिल्या बाकावर बसल्या आणि पहिल्याच तासाला योमबाईंच्या दोन चुका काढल्या. शिकलेल्या आहेत हो. फोटोच्या प्रती आल्या, एक त्यांच्या भिंतीवर, एक माझ्या. सुनचॉनवाली गावभर सांगत फिरतेय की ती नवव्या मजल्यापर्यंत चढली होती. असू दे.

आज दुपारी माच्या भट्टीमागून जात होते. न्हुंग लसणाच्या जुड्या बांधत एकटीच बसली होती. भट्टी बंद होती. धूर नव्हता. आणि डोळे लाल होते.

मी थांबले. एप्रिलपासून मी हे डोळे बघतेय. धूर म्हणे, डोळ्यांचे डॉक्टर म्हणे. शहाणी म्हणवते मी स्वतःला.

तिच्या शेजारी बसले, एक जुडी हातात घेतली. तिच्या बोटांना भेगा होत्या, त्यात लसणाचा रस गेलेला. तिला आमची भाषा जेमतेम येते.

"ग्योंगजू माहितीये तुला?" मी विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली. "राजांचं शहर. मी जाऊन आले. तिथे ताऱ्यांचा बुरूज आहे." हात उंच केला. पुरेना, म्हणून वेशीकडे बोट केलं. "ते गिंकोचं झाड दिसतंय?"

तिने डोळे पुसून वर बघितलं. झाड चांगलंच उंच आहे, शेंड्यावर कावळे होते.

"त्याहून उंच," मी म्हटलं.

"खरं, आजी?"

"मी स्वतः बघितलाय."

ती रडायची थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी राजवाड्यावर आले, लाल खांबांवर, न भिजणाऱ्या बुटांवर. मग मागे चपला वाजल्या. जाऊबाई कोंबड्यांचं खाणं घेऊन रस्त्यात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोणास ठाऊक.

"घंटा राहिल्या," त्या म्हणाल्या, आणि घमेलं खाली ठेवून आमच्यात येऊन बसल्या.